डिस्क हळू आहे? सेटिंग बदलण्याआधी हे वाचा

"ताई, माझी स्क्रिप्ट रात्रभर चालते तरी संपत नाही. लिनक्समध्ये डिस्कचा वेग वाढवायची एखादी सेटिंग असते ना?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. विचारणारे बहुतेक एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतात किंवा नुकतीच पीएचडीला नोंदणी झालेली असते. सेटिंग असते. एक नाही, वीसेक असतात. त्यातल्या बहुतेक मी करून बघितल्या आहेत आणि त्यापायी एकदा अकरा दिवसांचं काम घालवलं आहे. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी परिस्थिती. मी आगरदांड्याची. राजपुरी खाडीच्या काठावरच्या खारफुटीत पाणी किती वेळ आणि कुठवर चढतं, हा माझा विषय. त्यासाठी एक कॅमेरा दर दहा मिनिटांनी एक फोटो काढतो, म्हणजे दिवसाला १४४. २९० दिवसांचे झाले ४१,७६० फोटो, आणि प्रत्येक फोटोसोबत वेळ, तापमान, बॅटरी वगैरे लिहिलेली एक इवलीशी टेक्स्ट फाईल. हे सगळं घरी एका सेकंडहँड डेस्कटॉपवर, फिरत्या तबकडीच्या दोन टीबी हार्ड डिस्कवर ठेवलेलं. एसएसडी का नाही, असं विचाराल. पैसे, दुसरं काय. शिवाय तुम्ही ज्या लॅबमध्ये जाल तिथलाही जुना, मोठा डेटा बहुतेक हार्ड डिस्कवरच असेल. तेव्हा ही विद्या वाया जाणार नाही.

(कमांडची नावं मी देवनागरीत लिहिते आहे. टाईप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.)

डिस्क हळू का असते हे समजून घ्यायचं असेल तर आमच्या धक्क्यावर या. आगरदांड्याहून समोर दिघीला फेरीबोट जाते, लोक तिला जंगलजेटी म्हणतात. खाडी ओलांडायला लागायचा तेवढा वेळ लागतोच, मग बोटीवर एक स्कूटर असो नाहीतर गाड्या गच्च भरलेल्या असोत. एकेक स्कूटर घेऊन बोट चाळीस वेळा गेली, तर बोटीचं इंजिन कितीही चांगलं असलं तरी दिवस त्यातच जाणार.

हार्ड डिस्कचं अगदी असंच आहे. वाचणारं हेड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायला साधारण ९ ते १० मिलिसेकंद जातात. तिथे पोचल्यावर हवा तो भाग फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, म्हणून सरासरी थांबणं ४.२ मिलिसेकंद. लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर हेच ५.६ होतं. दोन्ही मिळून एका 'फेरी'ला १४ मिलिसेकंद धरा. म्हणजे सेकंदाला जेमतेम सत्तर फेऱ्या. हेड एकदा जागेवर बसलं की मात्र तीच डिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी सलग वाचून देते.

आता माझ्या टेक्स्ट फाईलींचा हिशोब करू. ४१,७६० फाईली, प्रत्येकी दीड केबी, एकूण जेमतेम ६२ एमबी. सलग असत्या तर अर्ध्या सेकंदाचं काम. सुट्या असल्यामुळे प्रत्येकीला निदान एक फेरी: ४१,७६० गुणिले १४ मिलिसेकंद, जवळजवळ दहा मिनिटं. अर्धा सेकंद विरुद्ध दहा मिनिटं! आणि हा फरक कुठल्याही सेटिंगने भरून निघणारा नाही, कारण तो यंत्राच्या हालचालीचा आहे. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटाला १,२०० फेरे घ्यायच्या, आणि हेड जागेवर न्यायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे. साठवण पावणेचार एमबीच्या आसपास. तेव्हापासून माझ्या या दोन टीबीच्या डिस्कपर्यंत साठवण पाच लाख पटींनी वाढली. हेडचा वेग मात्र साठ-सत्तर पटच, आणि फिरण्याचा तर फक्त सहापट. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं अर्धं आपोआप कळतं.

आता मोजमाप. तुम्ही संशोधनाला निघालात, तेव्हा हे तरी नीट करा. 'वाटतंय की फास्ट झालं' हा निष्कर्ष नव्हे.

सिसस्टॅट नावाच्या पॅकेजात आयओस्टॅट ही कमांड येते. तुमचा प्रोग्रॅम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये ती एक्स हा पर्याय देऊन दर दोन सेकंदांनी चालवत ठेवा. रकान्यांची गर्दी दिसेल, पण बघायचे तीनच: सेकंदाला किती एमबी वाचले जातायत, एका विनंतीला सरासरी किती मिलिसेकंद लागतायत म्हणजे अवेट, आणि डिस्क किती टक्के वेळ कामात आहे म्हणजे युटिल. युटिल शंभराच्या जवळ, अवेट १४-१५ च्या पुढे आणि एमबी मात्र एक-दोन, असं असेल तर डिस्क फेऱ्या मारत बसली आहे. युटिल शंभर आणि एमबीही १२० असतील तर डिस्क तिच्या क्षमतेने पळते आहे, तिला आणखी काही मागू नका. आणि युटिल पाच-दहा टक्के असूनही प्रोग्रॅम रखडत असेल तर डिस्कचा काही दोष नाही, तुमच्या कोडमध्ये बघा. मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर या तिसऱ्या प्रकारात निघतं. लूपच्या आत लूप, त्याच्या आत दर वेळी तीच फाईल पुन्हा उघडणं, असलं काहीतरी.

दुसरी फसगत कॅशेची. लिनक्स एकदा वाचलेली फाईल मोकळ्या मेमरीत धरून ठेवतं. तुम्ही स्क्रिप्ट चालवली, दहा मिनिटं लागली. एक सेटिंग बदलली, पुन्हा चालवली, चार सेकंदात झाली. नाचायला लागण्याआधी थांबा: दुसऱ्या वेळी डिस्कला कुणी विचारलंच नाही, सगळं मेमरीतून आलं. मी पहिल्या आठवड्यात असे तीन 'शोध' लावले होते! म्हणून प्रत्येक चाचणीआधी सिंक कमांड द्या, मग प्रॉकमधल्या व्हीएम फोल्डरातल्या ड्रॉप-कॅशेस फाईलमध्ये रूट म्हणून ३ लिहा, म्हणजे कॅशे रिकामी होते. एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक चाचणी निदान तीनदा करा, आकडे वहीत लिहा.

एचडीपार्मच्या छोट्या टी पर्यायाने डिस्कचा सलग वाचनाचा वेग लगेच कळतो, पण तो आकडा जरा खुशामतीचा असतो. ती कमांड डिस्कच्या सुरुवातीचा भाग वाचते, आणि तो भाग तबकडीच्या बाहेरच्या कडेला असतो. तिथे एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो. आतल्या कडेला वेग जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून डिस्क भरत आली की ती हळू झाल्यासारखी वाटते, ते खोटं नाही. त्यात मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरते, त्यामुळे नव्या फाईलीही तुकड्यांत पडतात. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा, एवढंच सांगेन.

सेटिंगला हात लावण्याआधी आणखी काही बघायचं राहिलं: हार्डवेअर. बाहेरची डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टात खोचली असेल तर सेकंदाला तीस-चाळीस एमबीच्या वर जाणार नाही, काहीही करा. पोर्ट बदला, संपलं. मग स्मार्टसीटीएल कमांडने डिस्कची तब्येत बघा. 'पेंडिंग सेक्टर' शून्य नसेल तर डिस्क तो भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे, तिथे ट्यूनिंग नाही, ताबडतोब बॅकअप. आणि १९९ क्रमांकाची ओळ, सीआरसी एरर काउंट, वाढत असेल तर संशय केबलवर घ्या. आमच्याकडे खारा वारा. दारांच्या कड्या गंजतात तिथे केबलच्या टोकाची काय कथा. माझ्याकडे हा आकडा रोज वाढत होता आणि मी कर्नलची सेटिंग वाचत बसले होते. नवी केबल लावली, आकडा थांबला, आणि अधूनमधून सगळं गोठून जायचं तेही थांबलं.

एक प्रकार आणखी असतो, त्याला एसएमआर म्हणतात. कौलं जशी एकावर एक चढवलेली असतात तसे या डिस्कचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची रांग उचकटावी लागते, तसंच इथे मधलं थोडं बदलायला पुढचं बरंच पुन्हा लिहावं लागतं. एकदाच लिहून ठेवायच्या डेटासाठी ठीक, पण डेटाबेससाठी किंवा सतत बदलणाऱ्या फाईलींसाठी वाईट. विकत घेताना विचारा.

बरं, आता सेटिंग.

इंटरनेटवर शोधलंत तर पहिला सल्ला मिळेल तो एचडीपार्मने डीएमए चालू करा, ३२ बिट आयओ चालू करा, असा. तो लेख २००० सालच्या आसपासचा असतो. त्या काळी रुंद पट्टीची केबल असलेल्या आयडीई डिस्कवर डीएमए कधीकधी बंद असायचं, प्रोसेसरला एकेक शब्द स्वतः उचलून आणावा लागायचा, आणि ते चालू केल्यावर वेग खरंच कित्येक पटींनी वाढायचा. आजच्या साटा डिस्कवर हा प्रश्नच उरलेला नाही. लेख जुना असला तरी लिहिणारा चुकलेला नसतो, त्याचं यंत्र वेगळं होतं. संदर्भ वाचताना साल बघायची सवय इथूनच लावून घ्या.

दुसरा नेहमीचा सल्ला, नोएटाइम. युनिक्स परंपरेने प्रत्येक फाईल शेवटची कधी वाचली याची नोंद ठेवतं. म्हणजे नुसतं वाचलं तरी लिहावं लागतं! चाळीस हजार फाईली वाचल्या की चाळीस हजार नोंदी बदलायच्या. २००९ मध्ये आलेल्या कर्नल २.६.३० पासून लिनक्समध्ये रिलएटाइम ही मधली वाट आपोआप चालू असते, ती ही नोंद क्वचितच बदलते. त्यावर नोएटाइम लावल्याने थोडा फायदा होतो, तोटा जवळपास नाही. लावून टाका आणि विसरून जा.

तिसरी गोष्ट रीड-अहेड. तुम्ही फाईलचा थोडा भाग सलग मागितलात की कर्नल पुढचाही थोडा आणून ठेवतो, नेहमी १२८ केबीपर्यंत. एकच प्रोग्रॅम एकच मोठी फाईल वाचत असेल तर तेवढं पुरतं. पण दोन प्रोग्रॅम दोन मोठ्या फाईली एकाच वेळी वाचायला लागले की हेड इकडून तिकडे नाचतं. कागदावर हिशोब करा: १२८ केबी वाचायला एक मिलिसेकंद, मग पलीकडे जायला १४. दोघांचं मिळून सेकंदाला आठ-नऊ एमबी. रीड-अहेड ४ एमबी केलं तर एका खेपेला ३३ मिलिसेकंद वाचन आणि १४ प्रवास, म्हणजे सेकंदाला ८५ एमबीच्या आसपास. प्रत्यक्षात शेड्युलर आणि डिस्कची स्वतःची कॅशे मधे पडते, त्यामुळे फरक इतका टोकाचा दिसत नाही, पण दिसतो. ब्लॉकडेव्ह कमांडने हा आकडा बदलता येतो. लक्षात ठेवा, ती ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजते, म्हणून १२८ केबीला २५६ दिसेल आणि ४ एमबीसाठी ८,१९२ द्यावं लागेल. डेटाबेस मात्र इकडून तिकडून थोडंथोडं वाचतो, तिथे हे वाढवलंत तर नको असलेला माल वाहण्यात वेळ जाईल.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. प्रोसेसरला चार कोअर आहेत म्हणून एका हार्ड डिस्कवरच्या मोठ्या फाईली चार प्रोसेसनी एकदम वाचायला लावू नका. एकाने वाचावं, चौघांनी गणित करावं.

शेड्युलरबद्दल फार बोलत नाही. विनंत्या कुठल्या क्रमाने डिस्ककडे पाठवायच्या हे तो ठरवतो. जुन्या लेखांत सीएफक्यू, डेडलाइन, नूप अशी नावं दिसतील. ती पिढी २०१९ मधल्या कर्नल ५.० पासून काढून टाकली. आता फिरत्या डिस्कला एमक्यू-डेडलाइन किंवा बीएफक्यू. मागे मोठी कॉपी चालू असताना तुम्हाला त्याच मशीनवर टाईप करायचं असेल तर बीएफक्यू बरा वाटतो. एरवी फरक शोधावा लागतो.

खरा फायदा मला कशाने झाला ते सांगते, आणि ती सेटिंग नाहीच. ईएक्सटी४ मध्ये फोल्डरची यादी मागितली की नावं एका हॅशच्या क्रमाने येतात. त्या क्रमाचा आणि डिस्कवरच्या जागेचा काही संबंध नसतो. पायथॉनने दिलेल्या यादीच्या क्रमाने मी फाईली उघडत होते, म्हणजे हेडला मुद्दाम नाचवत होते. प्रत्येक फाईलला आयनोड क्रमांक असतो, एलएसला आय पर्याय दिला की दिसतो. एकामागून एक तयार झालेल्या फाईलींचे क्रमांक बहुधा जवळजवळ असतात, डिस्कवरची जागाही. यादी आधी आयनोडच्या क्रमाने लावून घेतली, बाकी काही बदललं नाही, आणि वेळ निम्म्याहून खाली आला. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढली, बस्स.

त्यानंतर मी आणखी सोपं केलं. एकदाच बसून सगळ्या टेक्स्ट फाईलींमधली माहिती एका एसक्यूलाइट फाईलमध्ये भरली. आता ते वाचन एका सेकंदाच्या आत होतं. मॉडेलचं आउटपुट असेल तर नेटसीडीएफ किंवा एचडीएफ५ वापरा, नुसत्या सुट्या फाईली असतील तर निदान टार करून ठेवा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथे निरीक्षणाचा डेटा मोठ्या सलग फाईलींत साठवतात. प्रत्येक अँटेनाच्या प्रत्येक क्षणासाठी एक वेगळी फाईल केली असती तर काय झालं असतं, विचार करा. आपला डेटा त्यांच्यापुढे किरकोळ, पण सवयी त्यांच्याच हव्यात.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

वाचन सुधारल्यावर मी लिखाणाच्या मागे लागले. आता लिखाण कसं होतं ते बघू, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. तुमचा प्रोग्रॅम 'सेव्ह' म्हणतो तेव्हा डेटा डिस्कवर गेलेला नसतो. तो कर्नलच्या मेमरीत जातो. कर्नल साधारण ३० सेकंदांनी जुना झालेला डेटा डिस्ककडे पाठवतो. ईएक्सटी४ आपल्या जर्नलमधल्या नोंदी दर ५ सेकंदांनी पक्क्या करतं. आणि डिस्ककडे डेटा पोचला तरी तो आधी तिच्या स्वतःच्या छोट्या मेमरीत पडतो. धक्क्यावर माल उतरला की हमाल लगेच पोचपावती देतो, पण माल गोदामात गेलेला नसतो, पावसात धक्क्यावरच पडलेला असतो, तसं. ही पावती खोटी ठरू नये म्हणून फाईलसिस्टम मधूनमधून डिस्कला 'आधी सगळं आत टाक, मग पुढचं' असा हुकूम देते. त्याला बॅरियर म्हणतात. या सगळ्या थांब्यांमुळे लिखाण हळू होतं, म्हणून वेगाचे सल्ले देणारे लेख हे थांबे काढायला सांगतात.

मी काढले. कुठल्याशा लेखातली माउंटची एक लांबलचक ओळ जशीच्या तशी उचलली: नोबॅरियर, डेटा राइटबॅक, कमिट १२० सेकंद, नोऑटो-डीए-अलॉक. त्यातला शेवटचा शब्द काय करतो हे मी वाचलंही नव्हतं. शिवाय ३० सेकंदांची मुदत वाढवून १० मिनिटं केली. चाचणी केली, आकडे झकास आले. वहीत लिहिले, तारखेसकट.

तेव्हा मी फोटोंवर हाताने खुणा करत होते. पाण्याची कड कुठल्या तिवराच्या कुठल्या मुळापर्यंत आली, हे प्रत्येक फोटोवर माउसने दाखवायचं. दिवसाला दोनशे फोटो झाले की डोळे दुखायचे. खुणा करायचा प्रोग्रॅम माझाच, आणि तो प्रत्येक खुणेनंतर सगळी फाईल रिकामी करून पहिल्यापासून पुन्हा लिहायचा. सोपं वाटलं म्हणून तसं केलं होतं.

गेल्या वर्षी आषाढातली अमावास्या. आमच्या किनाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमाराला येते. त्या रात्री उधाण, वर धो धो पाऊस. मी जागीच होते, खुणा चालू होत्या. लाईट गेली. यात नवल काही नाही, पावसाळ्यात जातेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं त्यानंतर तर आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता, त्यापुढे ही तासाभराची खेप काहीच नाही. इन्व्हर्टरवर घरातले दिवे-पंखे होते, कॉम्प्युटर नव्हता.

लाईट आल्यावर मशीन सुरू झालं. फाईलसिस्टमने स्वतःची तपासणी केली, सगळं ठीक म्हणाली. फाईल जागेवर होती. आकार शून्य बाइट.

काय झालं ते नंतर समजलं. फाईल रिकामी केल्याची नोंद जर्नलमध्ये पक्की झाली होती, नवा मजकूर मात्र अजून मेमरीतच होता, कारण त्याला १० मिनिटांची मुदत मीच दिली होती. ईएक्सटी४ मध्ये नेमक्या याच प्रसंगासाठी एक युक्ती आहे: प्रोग्रॅमने फाईल रिकामी करून पुन्हा लिहिली की तो मजकूर मुदतीची वाट न बघता लवकर डिस्ककडे पाठवायचा. २००९ च्या सुमाराला अनेकांच्या फाईली अशाच शून्य झाल्या म्हणून ती घातली गेली. नोऑटो-डीए-अलॉक हा शब्द ती युक्ती बंद करतो. मी स्वतःच्या हाताने.

शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. म्हणजे बावीसशे फोटो पुन्हा. फोटो होते, कॅमेऱ्याचं कार्डही होतं, म्हणून गेली ती फक्त मेहनत. त्या डिस्कवर थेट सेन्सरचे आकडे येत असते तर ते उधाण पुन्हा कुठून आणणार होते? मुंबईत अपोलो बंदरला भरतीची नोंद १८७८ पासूनची मिळते, आणि आज समुद्राची पातळी किती वाढली हे सांगताना जगभरचे लोक ती वापरतात. कोणीतरी त्या नोंदी जपल्या म्हणून. मी माझ्या अकरा दिवसांची जपणूक सेकंदाला काही एमबीसाठी सोडून दिली होती. आणि गंमत बघा, खुणांची ती फाईल जेमतेम एक एमबीची. तिच्या लिखाणाला वेग हवा होता कुठे?

आता माझ्याकडे काय आहे ते लिहिते. माउंटच्या ओळीत फक्त नोएटाइम, बाकी सगळं मूळ. बॅरियर चालू, कमिट ५ सेकंद. मेमरीत साठणाऱ्या न लिहिलेल्या डेटाची मर्यादा मी वाढवली नाही, उलट कमी केली. ती मूळची मोकळ्या मेमरीच्या १० आणि २० टक्के अशी असते. आठ जीबीच्या मशीनवर दीड जीबीपर्यंत डेटा तुंबतो आणि मग सगळं एकदम डिस्कवर कोसळून मशीन गोठतं. बॅकग्राउंडची मर्यादा ६४ एमबी केल्यावर कॉपीला एकूण वेळ तेवढाच लागतो, पण मशीन मधे गोठत नाही. पेनड्राइव्हवर कॉपी 'झाली' असं दिसतं आणि काढताना पाच मिनिटं थांबावं लागतं, त्याचंही कारण हेच तुंबणं.

प्रोग्रॅमही बदलला. नवा मजकूर आधी शेजारी तात्पुरत्या नावाच्या फाईलमध्ये लिहायचा. मग फ्लश, आणि फ्लशवर न थांबता एफसिंक. फ्लशने डेटा फक्त कर्नलपर्यंत जातो, एफसिंक डिस्कपर्यंत पोचवून पक्की पावती आणतो. त्यानंतर त्या फाईलला जुन्याचं नाव द्यायचं, म्हणजे रिनेम. रिनेम एक तर पूर्ण होतं नाहीतर होतच नाही, त्यामुळे कुठल्याही क्षणी लाईट गेली तरी जुनी किंवा नवी, एक पूर्ण फाईल हातात राहते. अगदी काटेकोर राहायचं तर रिनेमनंतर फोल्डरलाही एफसिंक करा. एका खुणेला यात काही दशांश सेकंद जातात. माझं बोट माउसवरून उचलायला त्याहून जास्त वेळ लागतो.

रात्री अकराला आरसिंक दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतं, आणि दर रविवारी तिसरी डिस्क मी मुरूडला मावशीकडे ठेवून येते. कॉम्प्युटरसाठी छोटा यूपीएस घेतला. तो दहा मिनिटं टिकतो, नीट बंद करायला तेवढी पुरतात.

नोबॅरियर वगैरे कुणी वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. कच्चा डेटा दुसरीकडे सुरक्षित आहे, आणि पुन्हा चालवली की मिळणारी मधली आउटपुटं लिहायला एक वेगळं पार्टिशन आहे, तर तिथे लावा हवं ते. गेलं तर पुन्हा चालवा. फक्त हाताने केलेलं काम आणि एकदाच घडणारं मोजमाप त्या पार्टिशनवर ठेवू नका. मी चूक केली ती ओळ लावण्यात नव्हे, सगळ्या डिस्कला एकच ओळ लावण्यात, आणि न समजलेला शब्द तिच्यात राहू देण्यात.

एसएसडीवाल्यांसाठी दोन वाक्यं. तुमच्याकडे हेड नाही, त्यामुळे फेरीबोटीचा हिशोब बराचसा लागू होत नाही. शेड्युलर नन ठेवा आणि आठवड्यातून एकदा एफएसट्रिम चालतंय ना ते बघा. पण एफसिंक, रिनेम आणि बॅकअप तुम्हालाही तेवढेच, लाईट तुमचीही जाते.

यापुढे मला 'डिस्क स्लो आहे' असं लिहिताना सोबत हे पाठवा: प्रोग्रॅम चालू असतानाचे आयओस्टॅटचे ते तीन आकडे, फाईली किती आणि एकूण केवढ्या, डिस्क किती भरली आहे, आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला. शेवटचा आकडा आठवड्याहून जुना असेल तर आधी तो घ्या, मग लिहा.